चाळीस, चाळीस, वीस

आधी पंखा बंद कर. खिडकी लाव.
पदर नको, दवाखान्यातला मास्क बांध, गच्च.
ही पूड पिठासारखी दिसते, पण पीठ नाही.
छातीत बसली की उठत नाही.

हे मला पार्बताकाकूंनी शिकवलं नाही,
त्या स्वतःच चाळीस वर्षं भट्टीपाशी खोकत होत्या.
शिकवलं कवडूजी कंपाउंडरनं,
ज्यांनी उभ्या जन्मात एक पणती घडवली नाही.
नुसत्या पुड्या बांधल्या, वरोऱ्याकडच्या एका दवाखान्यात,
आणि रिटायर होताना
शालीऐवजी तराजू मागून घेतला.

"अंदाज भाजीत चालते, बाई. इथं नाई."

चाळीस ग्रॅम राख, पऱ्हाटीची, दोनदा चाळलेली.
चाळीस ग्रॅम फेल्डस्पार,
नागपूरहून एसटीत माझ्या मांडीवर बसून आलेला.
वीस ग्रॅम चिनी माती.
शंभर झाले.
वर चिमूटभर तांब्याची काळी भुकटी,
तीही मोजून, कागदाच्या घडीवरून
टिचकी मारत मारत.

पाणी आधी, पूड मागाहून.
उलटं केलंस की गुठळ्या, घाईतल्या पिठल्यासारख्या.
आणि स्वयंपाकातलं काही घेऊ नको.
मी एकदा सासूबाईंची रवी घेतली होती.
तिला आता लाल चिंधी बांधली आहे,
ती परत माठाकडे गेली नाही,
सासूबाईही दोन दिवस माझ्याकडे आल्या नाहीत.

रात्रभर भिजू दे.
सांडलेलं झाडूनं झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं टिपायचं.
सकाळी गाळ.
पातळ किती? ताकाएवढं.
कुणाच्या घरच्या ताकाएवढं?
इथं आमचा वाद झाला,
कारण कवडूजींच्या घरच्या ताकातून
पेल्याचं बूड दिसतं.
शेवटी त्यांनी बोट बुडवलं, वर काढलं, उजेडात धरलं.
कातडी झाकली,
नखाची कड मात्र ओळखू आली.
"एवढं."

टाइल बुडव, एक, दोन, तीन, काढ.
बूड पुसून घे, नाहीतर फळीला चिकटेल
आणि भट्टीवाला आपलं नाव घेईल.
आत्ता सगळं करडंच दिसणार.
पहिली करडी, सातवीही करडी.
रंग दिसत नसतो तेव्हा नंबर घालायचा असतो, पाठीवर.

भद्रावतीच्या भट्टीतून
माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून टाइल्स परत आल्या.
सहा तर शेणाच्या रंगाच्या.
सातवी हिरवी,
तुरीच्या ओल्या शेंगेसारखी,
तशाच तिच्यावर जांभळट तपकिरी रेघा.
कवडूजींनी चष्मा काढला, पुसला, घातला,
काही बोलले नाहीत.

मग त्याच वजनाच्या बारा वाट्या केल्या.
बाराही मातकट.

तराजू तपासला. वजनं तपासली.
वहीतलं पान तीनदा वाचलं,
चाळीस, चाळीस, वीस,
आकड्यात कुठंच खोट नव्हती.
मग रात्री भांडी घासताना हातात राख घेतली
आणि हात तिथंच थांबला.

सातव्या टाइलची राख माझ्या चुलीतली नव्हती.
त्या दिवशी कमी पडली म्हणून
नाल्याकाठच्या फुलाबाईकडून वाटीभर आणली होती.

सकाळीच गेले. फुलाबाई, त्या हप्त्यात
तुमच्या चुलीत काय जळत होतं?
"मायबाई! चुलीत काय जळते
ते कोनी लिहून ठेवते का?"
तरी बोटं मोजत बसली.
पऱ्हाट्या होत्या. थोडी बाभूळ.
मक्याची बुरकुंडं, पोरानं आणलेली.
अन् हो, खाटेचा पाय मोडला होता, तोबी घातला.

खाट कशाची होती?
तिला ठाऊक नाही. माहेरून आली होती.

वहीत मी एक नवा रकाना आखला: राख, कोणाची.
कवडूजींनी बरणीवर चिठ्ठी चिकटवली,
जुन्या सवयीनं,
वापरण्यापूर्वी हलवावे.

आणि फुलाबाई दारात उभी,
खाटेकडे बोट दाखवत,
"आजून तीन पाय हायेत. मोडू का?"